मॅगझिनची विश्वासार्हता : पुणे परिसरातील शस्त्रनिर्मितीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

ताथवडे हे गाव केंद्र मानून नकाशावर सुमारे पंधरा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात शस्त्रांच्या इतिहासाशी निगडित अशी चार ठिकाणे येतात. पूर्वेस चापेकर बंधूंचे चिंचवड, उत्तरेस देहूरोडचे लष्करी भांडार व आयुध निर्माणी, आग्नेयेस १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि दक्षिणेस पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था, म्हणजे ज्या संस्थेला सर्वजण ‘एआरडीई’ या नावाने ओळखतात ती. यांपैकी प्रत्येक ठिकाणावर स्वतंत्रपणे लेखन झालेले आहे. चापेकरांवर ते विपुल आहे. मात्र शस्त्रांच्या इतिहासलेखनात एका वस्तूकडे बहुधा दुर्लक्ष होते. ती वस्तू म्हणजे मॅगझिन. पिस्तूल वा रायफलीत काडतुसे पुरविणारी काढघाल करता येण्याजोगी पेटी.

मॅगझिनला शस्त्राचा भाग न मानता शस्त्रासोबत येणारी जोडवस्तू मानण्याची सवय कारखान्यांत, कार्यालयांत आणि अभ्यासकांतही आढळते. ती हरवते, बदलता येते, स्वस्त असते आणि गरजेप्रमाणे मोठी करता येते, अशी समजूत त्यामागे आहे. स्वयंभरणी शस्त्र अडकण्याची कारणे शोधू लागल्यास पुष्कळदा बोट याच पेटीकडे वळते. पेटीची क्षमता किंवा घडण बदलताना संपूर्ण शस्त्राचा पुन्हा विचार झाला नाही, तर त्याची किंमत वापरणाऱ्यास मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी प्रामुख्याने पाषाण येथे आराखडा तयार झालेल्या इन्सास रायफलीच्या आधारे केली आहे. तिच्या आधीची काही उदाहरणे पार्श्वभूमीदाखल घेतली आहेत.

मॅगझिनची रचना

‘मॅगझिन’ हा शब्द मूळचा अरबी. ‘मखज़न’ म्हणजे साठवणीची जागा, कोठार. मराठीतील ‘खजिना’ हा त्याच धातूपासून आलेला. युरोपात हा शब्द दारूच्या कोठाराला लागला, पुढे बंदुकीतील काडतुसांच्या पेटीला लागला, आणि अठराव्या शतकात लंडनमध्ये लेखांच्या कोठाराला म्हणजे नियतकालिकालाही लागला. प्रस्तुत लेख ज्या प्रकारच्या प्रकाशनात छापला जात आहे त्याचेही इंग्रजी नाते तेच, ही गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते.

या पेटीत मोजून चार भाग असतात : पत्र्याची वा प्लास्टिकची कुपी, तळाची पट्टी, स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या डोक्यावर बसलेला, काडतुसांना वर ढकलणारा तुकडा, ज्याला ‘फॉलोअर’ म्हणतात. कुपीच्या तोंडाशी दोन कडा आत वळवलेल्या असतात. सर्वांत वरचे काडतूस त्या अडवून धरतात आणि योग्य कोनात नळीकडे सोडतात. रचना इतकी साधी आहे की तिच्यात बिघडण्यासारखे काय असणार, असा प्रश्न कोणालाही पडावा.

उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. मिनिटाला सहाशे गोळ्यांच्या गतीने चालणाऱ्या शस्त्रात एका गोळीच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भाग येतो. त्यातही बोल्ट मागे जाऊन पुन्हा पुढे येईपर्यंतच्या अल्पकाळातच पुढचे काडतूस वर येऊन जागेवर बसावे लागते. पेटी भरलेली असताना स्प्रिंगला मोठे वजन हलवायचे असते. पेटी रिकामी होत आली की वजन घटते, पण स्प्रिंगही सैल झालेली असते. या दोन टोकांमध्ये स्प्रिंगचा जोर बसवणे हे आराखड्याचे खरे काम होय.

पेटीच्या तळाला जास्तीचा तुकडा जोडून दोन, पाच किंवा दहा काडतुसांची सोय केली की हा हिशेब मोडतो. जुन्या स्प्रिंगला अधिक वजन अधिक अंतरावर न्यावे लागते. नवी, लांब स्प्रिंग घातली तर ती दाबून बसायला तळाशी जागा अपुरी पडते. जोडाच्या सांध्यावर फॉलोअर तिरका होऊन अडतो, आणि लांब झालेली जड पेटी खाली आपटली की सर्व मार सांध्यावर बसतो. वरच्या कडा मात्र पूर्वीच्याच राहतात. म्हणूनच मूळ कारखान्याने संपूर्ण हिशेब नव्याने करून बनविलेली मोठी पेटी आणि बाहेरच्या कोणी तळाला जोडलेली वाढ या दोन भिन्न वस्तू मानावयास हव्यात. ग्लॉक या ऑस्ट्रियन पिस्तुलाचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे. ग्लॉक १७ ची मूळ पेटी सतरा काडतुसांची. त्याच कारखान्याने आपल्या स्वयंचलित ग्लॉक १८ साठी तेहतीस काडतुसांची पेटी काढली. अमेरिकेत अशा मोठ्या पेट्या आणि तळजोड यांचा स्वतंत्र उद्योगच उभा राहिला, व त्यातील मालाची प्रत कमालीची असमान राहिली. २० जुलै २०१२ रोजी कोलोरॅडोतील ऑरोरा येथे एका माथेफिरूने चित्रपटगृहात केलेल्या हत्याकांडात त्याच्या रायफलीला लावलेले शंभर काडतुसांचे गोल मॅगझिन मध्येच अडकले होते, ही बाब पुढे सर्वज्ञात झाली.

नाशिकची ब्राउनिंग पिस्तुले

महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात मॅगझिनयुक्त पिस्तुलाचा प्रवेश नेमका कधी झाला हे सांगता येते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा मूठीत काढघाल पेटी असलेले पिस्तूल युरोपातही नवलाईचे होते. बोर्चार्डचे तशा प्रकारचे पिस्तूल १८९३ चे. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला तो ब्राउनिंग पिस्तुलाने. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली होती आणि त्यांपैकी एक नाशिकला पोहोचले, हा भाग खटल्यामुळे सुपरिचित आहे.

चोरकप्प्यातून वीस पिस्तुले येऊ शकली यामागे ब्राउनिंगच्या आराखड्याचा मोठा वाटा आहे. त्याचे मॅगझिन मुठीच्या आत सामावलेले, काडतुसे एकावर एक अशा एकाच रांगेत, आणि संख्या सहा-सातच्या घरात. एकेरी रांगेमुळे काडतूस चुकीच्या कोनात यायला वाव कमी असतो आणि लहान स्प्रिंगला मोठा भार पेलावा लागत नाही. संख्या कमी ठेवून खात्री मिळविण्याचा हा मार्ग होता. इतिहासकारांनी पिस्तुलांची संख्या, पैसा व वाहतूक यांचा बारकाईने शोध घेतला. शस्त्र म्हणून त्या पिस्तुलाचा विचार फारसा झालेला नाही.

संख्या वाढविण्याचे प्रयोग

पहिल्या महायुद्धात जर्मनीने आठ काडतुसांच्या लुगर पिस्तुलाला बत्तीस काडतुसांचे गोगलगाईच्या आकाराचे गोल मॅगझिन जोडले. हातातील पिस्तुलाची क्षमता एकदम चौपट करण्याचा हा बहुधा पहिला मोठा सरकारी प्रयत्न होय. ते भरण्यास वेगळे अवजार लागे, ते जड होते, आणि चिखलातील खंदकात त्याची गुंतागुंतीची स्प्रिंग अडत असे. तेच मॅगझिन एमपी १८ या छोट्या मशीनगनला लावले गेले. युद्धानंतर मात्र ते सोडून सरळ पेटी स्वीकारण्यात आली.

दुसरा मार्ग बेल्जियममधील एफएन कारखान्याचा. तेथे द्यूदोने सेव्ह याने काडतुसे एकाआड एक अशा दोन रांगांत बसवून वरच्या बाजूस ती एका रांगेत आणली. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या हाय-पॉवर पिस्तुलात अशा रीतीने मूठ फारशी लांब न होता तेरा काडतुसे मावली. वाढ तळाशी जोडलेली नव्हती. पिस्तूलच त्या पेटीभोवती घडविले होते. भारतीय सैन्यातील व पोलिसांतील ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे याच घराण्यातील असून ते इशापूर येथे बनते.

दोन रांगांची एक रांग करण्याचे तत्त्व स्टेन गनमध्येही होते, पण तेथे फळ निराळे मिळाले. घाईने व स्वस्तात बनविलेल्या पत्र्याच्या पेटीच्या कडा सहज वाकत, धूळ बसली की काडतुसे निमुळत्या भागात अडत, आणि सैनिक बत्तीसच्या जागी तीसच किंवा त्याहूनही कमी भरणे पसंत करीत. पेटीवर छापलेली क्षमता आणि वापरात भरवशाची क्षमता यांतील हे अंतर शिपायांनी अनुभवाने शोधले होते. पुढे स्टर्लिंग कार्बाइनमध्ये वक्र पेटी, फॉलोअरवर फिरणारी छोटी रोळे आणि शेवटपर्यंत दोन रांगा अशी रचना आली व चौतीस काडतुसे विनातक्रार चालू लागली. आपल्याकडे महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत ‘कार्बाइन’ म्हणून जी ओळखली जाते ती हीच, कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यातील १ए.

आणखी एका उदाहरणाचा उल्लेख आवश्यक वाटतो. ७.६२ मिमी काडतुसासाठी बदलून घेतलेल्या ब्रेन मशीनगनची तीस काडतुसांची पेटी वीस काडतुसांच्या सेल्फ लोडिंग रायफलीलाही बसत असे. दहा काडतुसे फुकटात वाढल्यासारखे वाटावे. परंतु ब्रेनची पेटी वरून बसते आणि काडतुसे खाली येताना गुरुत्वाकर्षण मदतीला असते. त्यामुळे तिची स्प्रिंग हलकी. रायफलीला खालून लावल्यावर त्याच स्प्रिंगला सर्व वजन वर ढकलावे लागे व ती अपुरी पडे. पेटी बसते म्हणजे पेटी चालते असे नाही, हे ब्रिटिश सैनिकांनी यातून अनुभवले.

पाषाणची रायफल, कारगिलची थंडी

१९८० च्या दशकात एआरडीईने ५.५६ मिमी काडतुसावर चालणाऱ्या शस्त्रकुलाचे काम हाती घेतले. ‘इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘इन्सास’ हे नाव रूढ झाले. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात ती रायफल देशासमोर आली. रायफलीसाठी वीस व हलक्या मशीनगनसाठी तीस काडतुसांची पेटी ठरविण्यात आली, आणि मोठी पेटी रायफलीतही बसत असे. पेटी प्लास्टिकची व अर्धपारदर्शक होती.

प्लास्टिकची निवड चूक होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पत्र्याची पेटी आपटली की पोचते, आणि तिच्या कडा वाकल्या तरी ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. कोकण वा ईशान्य भारतासारख्या दमट प्रदेशात पत्रा गंजतो. प्लास्टिक हलके असते, गंजत नाही, आणि अर्धपारदर्शक असल्यास किती काडतुसे उरली आहेत हे जवानाला पेटी न काढता कळते. इतर देशांतील रायफलींतही प्लास्टिकच्या पेट्या वापरल्या जात होत्या. प्रश्न होता तो प्लास्टिकच्या प्रतीचा आणि कोणत्या हवामानात ती टिकायची आहे याचा. थंडीत बहुतेक प्लास्टिकांचा चिवटपणा घटतो व ती ठिसूळ होतात; उन्हाळ्यात आपटल्यावर नुसती लवणारी भिंत थंडीत तडकते. भरलेल्या पेटीत तर स्प्रिंगचा ताण कडांवर व भिंतींवर अहोरात्र असतोच. त्यात खडकावर आपटणे, सरपटताना छातीखाली दाबली जाणे यांची भर पडते.

पुण्याच्या नोंदलेल्या इतिहासातील नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस असून ते १७ जानेवारी १९३५ चे आहे. म्हणजे पाषाणच्या आवारात ठेवलेली पेटी नैसर्गिक हवेत गोठणबिंदूखाली कधी गेलीच नसती. प्रयोगशाळेत शीतकक्ष असतो हे खरे. पण शीतकक्षातील काही तास आणि हिमरेषेजवळ भरलेल्या अवस्थेत पाठीवर वाहिलेले आठवडे यांची बरोबरी होत नाही.

मे ते जुलै १९९९ या काळात कारगिलचे युद्ध झाले. द्रास सुमारे ३,३०० मीटर उंचीवर, तोलोलिंगचे शिखर साडेचार हजार मीटरच्या आसपास, टायगर हिल पाच हजारांवर. हल्ले बहुतांशी रात्री, उभ्या कड्यांवरून. इन्सासची ती पहिली मोठी कसोटी होती. रायफल अडकणे, तीन गोळ्यांच्या खटक्यावर ठेवूनही ती पूर्ण स्वयंचलित चालणे, तेलाचे तुषार नेमबाजाच्या डोळ्यांत उडणे, आणि थंडीत मॅगझिनला तडे जाणे अशा तक्रारी तेथून आल्या. यांतील शेवटच्या तक्रारीचा परिणाम नीट समजून घ्यावयास हवा. पेटीला तडा गेला म्हणजे फक्त पेटी वाया जात नाही. तडा तोंडाजवळ असेल तर कडा उघडतात व काडतुसे एकाच वेळी दोन-दोन वर येतात किंवा बाहेर सांडतात. तडा तळाशी असेल तर स्प्रिंगसह सर्व काडतुसे बर्फात. पेटीविना रायफल ही हाताने एकेक काडतूस घालून चालवावयाची बंदूक होते. शत्रू वर आणि आपण खाली, अशा अवस्थेत त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही.

कारगिलच्या विजयावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे, त्यात बोफोर्स तोफांचे श्रेय योग्य त्या प्रमाणात दिलेले आढळते. तोफेच्या मानाने मॅगझिनची किंमत क्षुल्लक. त्यामुळे त्यावर संसदेत वादळ झाले नाही की चौकशीची मागणी गाजली नाही. मात्र तोलोलिंगवर चढणाऱ्या जवानाच्या दृष्टीने ही पेटी क्षुल्लक नव्हती.

युद्धानंतर २००१ मध्ये १बी१ ही सुधारित आवृत्ती आली. तरीही पेट्या फुटण्याच्या तक्रारी पूर्णपणे थांबल्या नाहीत. नेपाळमध्ये ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांबरोबर झालेल्या दीर्घ चकमकीत शाही नेपाळी सेनेचे त्रेचाळीस जवान मारले गेले. भारताने पुरविलेल्या इन्सास रायफली ऐन चकमकीत नीट चालल्या नाहीत, असा जाहीर आरोप त्यानंतर तेथील सेनेने केला. भारतीय दूतावासाने रायफलींची हाताळणी व निगा योग्य नसल्याचे कारण पुढे केले. २०१४ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलानेही इन्सासऐवजी दुसरी रायफल मिळावी अशी मागणी केली. या दलाचे जवान गडचिरोलीच्या जंगलातही तैनात असतात. तेथे बर्फ नसतो, धूळ, घाम व पाऊस असतो. तेव्हा दोष केवळ हिमालयातील थंडीवर टाकता येत नाही.

‘निगा योग्य नव्हती’ हे उत्तर संशोधकाने सावधपणे घ्यावे असे आमचे मत आहे. निगा हा घटक महत्त्वाचा आहे यात वाद नाही. परंतु ज्या शस्त्राची निगा उत्तम स्थितीतच राखता येते ते सैनिकी शस्त्र म्हणून अपुरे ठरते. शिवाय तडकलेल्या प्लास्टिकला तेल लावून काही उपयोग होत नाही.

कायदा आणि बाजार

अमेरिकेत एखाद्या कारखान्याची पेटी अडकते असे कळले की ग्राहक दुसऱ्याची घेतो. भारतात असा बाजार नाही व तो नसणे योग्यच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्रे’ या संज्ञेच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग व ती बनविण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश आहे. शस्त्रांची निर्मिती, विक्री, दुरुस्ती व रूपांतर यांसाठी परवाना लागतो. भोसरीच्या एखाद्या कारखान्यात उत्तम स्प्रिंग बनते म्हणून तेथे मॅगझिनची वाढ बनविता येणार नाही.

तथापि या बंदोबस्ताचा एक परिणाम विचारात घेतला गेलेला नाही. इन्सासचा आराखडा होत असताना संरक्षण उत्पादन खासगी उद्योगांस बंद होते; ते मे २००१ मध्ये खुले झाले. आराखडा करणारी संस्था सरकारी, बनविणारे कारखाने सरकारी, तपासणारे सरकारी, आणि वापरणारा शिपाई शिस्तीने बांधलेला. सदोष पेटीबद्दल बोलण्याचा मार्ग त्याला अहवालाच्या पायऱ्यांवरूनच होता. त्याच काळात पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यात वाहनउद्योगासाठी प्लास्टिकचे साचेकाम, प्रेसचे काम व स्प्रिंगा यांचे फार मोठे कौशल्य साठत होते. उणे तापमानात न तडकणारे प्लास्टिकचे भाग लडाखमध्ये धावणाऱ्या वाहनांनाही लागतातच. पाषाणपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेले हे ज्ञान आणि पाषाणची गरज यांच्यामध्ये गोपनीयतेची भिंत होती. ही भिंत काही अंशी अटळ होती. पण प्लास्टिकच्या पेटीत गुप्त ठेवण्यासारखे फारसे काही नसते.

नंतरचा काळ

सैन्याने पुढे इन्सासची जागा टप्प्याटप्प्याने दुसऱ्या रायफलींना देण्यास आरंभ केला; २०१९ मध्ये सिग ७१६ रायफलींचा करार झाला आणि पुढे एके-२०३ रायफलींचे उत्पादन उत्तर प्रदेशात कोरवा येथे सुरू झाले. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात मुख्यालय ठेवून काम करू लागली, तर लघुशस्त्रांची कंपनी कानपूरला गेली.

एआरडीईने इन्सासनंतर केलेल्या कामात संयुक्त संरक्षक कार्बाइन, म्हणजे जेव्हीपीसी, हिचा विचार येथे करावा लागतो. ५.५६×३० मिमी काडतुसाची, सुमारे तीन किलो वजनाची आणि मिनिटाला सातशेहून अधिक गोळ्या झाडणारी ही कार्बाइन आहे. तिची तीस काडतुसांची पेटी पिस्तुलाप्रमाणे मुठीतून आत जाते. भरलेली पेटी मुठीच्या भिंतींनी आधारलेली राहते व अंधारात एक हात दुसऱ्या हाताला शोधतो तशी ती सहज बसवता येते. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या अखेरच्या वापर-चाचण्या पूर्ण झाल्या. त्या उन्हाळ्यात अतिउष्ण हवेत आणि हिवाळ्यात अतिउंचीवर घेण्यात आल्याचे संरक्षण संशोधन संघटनेने जाहीर केले. आराखडा पाषाणचा, शस्त्र कानपूरचे आणि काडतूस खडकीच्या त्याच कारखान्याचे, जो १८६९ पासून मुळा नदीकाठी उभा आहे.